वाघाची नाडी कोण पाहणार?

पोळ्याच्या आधीचे चारपाच दिवस आमच्या अमळनेरच्या गुरांच्या दवाखान्यात जत्रेसारखी गर्दी असते. कोणाच्या बैलाचा खांदा सुजलेला, कोणाचा खूर चिरलेला, कोणाची गाय दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नाही म्हणून धनी हवालदिल झालेला. सणाला आपला बैल धडधाकट दिसावा अशी प्रत्येकाची तळमळ. अशाच एका पोळ्याच्या सुमारास एका स्नेह्याबरोबर मी तेथे गेलो होतो. आमची पाळी यायला अवकाश होता. लोखंडी खोड्यात एक निमाडी बैल उभा होता. डॉक्टर त्याच्या खुरातला पू काढीत होते आणि बैलाचा मालक, सत्तरीतला म्हातारा, त्याच्या मानेवरून हात फिरवीत त्याला लेकरासारखे समजावीत होता.

पट्टी बांधून झाली. बैल खोड्याबाहेर आला. म्हातारा मात्र जाईना. चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्याची लेक दिलेली होती. त्या शिवारात एक बिबट्या महिनाभर लंगडत फिरत होता म्हणे. ती हकिकत सांगून झाल्यावर त्याने डॉक्टरांना विचारले, "डाक्टरसाहेब, वाघ बिमार पडना तर त्याले कोठे लई जातस?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "बाबा, माझ्याकडे अजून कोणी वाघ आणलेला नाही. आणलाच, तर त्या खोड्यात आधी मी जाऊन बसेन!"

सारा ओटा हसला. म्हाताराही हसला. पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घरी येईपर्यंत तो माझ्या डोक्यात घोळत राहिला. बैलाला दवाखाना आहे. कुत्र्यामांजरांना आहे. वाघ, बिबट्या, गिधाड, घुबड यांची नाडी कोण पाहतो? पाहतो, तर कोठे? आणि एवढा खर्च करून पाहावी तरी कशासाठी? या प्रश्नांच्या मागे लागून जे वाचले, विचारले आणि समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

खानदेश आणि वाघ

या प्रश्नाला खानदेशात जुना संदर्भ आहे. अमळनेरहून गाडीने जळगावकडे निघाले की वाटेत धरणगाव लागते. १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने तेथे भिल्लांची पलटण उभारली. पुढे १८५७ च्या लढाईत नाव गाजलेला औट्रम तो हाच. खानदेशात तो जवळजवळ दहा वर्षे होता आणि त्या काळात त्याने व त्याच्या सोबत्यांनी वाघांची जी शिकार केली तिचा आकडा शेकड्यांत मोजावा लागतो. वाघ त्या काळी इतका होता की तो मारणे हे सरकारी काम समजले जाई.

आज जळगाव जिल्ह्यात वाघ उरला आहे तो मुख्यतः मुक्ताईनगर तालुक्यात, वढोदा-डोलारखेड्याच्या रानात. मुक्ताई-भवानी या नावाने ते क्षेत्र राखून ठेवले आहे. तेथला वाघ पूर्णा नदीच्या काठच्या केळीच्या बागांतही वावरतो. दाट सावली आणि जवळ पाणी, त्याला आणखी काय हवे? बिबट्या तर सातपुड्यापासून थेट चाळीसगावापर्यंत पसरला आहे. २०१७ साली गिरणेच्या खोऱ्यात चाळीसगाव तालुक्यात एका बिबट्याने माणसे मारली. डिसेंबर महिन्यात त्याला गोळी घालावी लागेपर्यंत सूर्य मावळला की त्या गावांतली दारे बंद होत.

औट्रमच्या काळी जखमी वाघाला एकच औषध होते, बंदुकीची गोळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते औषध बंद केले. आता जनावर जखमी सापडले तर वन खात्याने त्याला धरावे, बरे करावे, आणि जमल्यास पुन्हा रानात सोडावे, अशी रीत आहे. रीत चांगली आहे. पण बरे करावे कसे, हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते, आणि ते ज्ञान आकाशातून पडत नाही.

शिकारखान्यापासून इस्पितळापर्यंत

जंगली जनावरे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनी. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने १७९० साली तेथल्या गेंड्याचे काढलेले चित्र आजही जपून ठेवलेले आहे. मुंबईची राणीची बाग १८६० च्या सुमारास उभी राहिली. बडोद्याची सयाजी बाग १८७९ ची. पुण्याचे पेशवे पार्क १९५३ साली सुरू झाले आणि १९९९ मध्ये तेथली जनावरे कात्रजच्या नव्या उद्यानाकडे निघाली. वाचकांपैकी अनेकांनी लहानपणी पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसून वाघ पाहिला असेल.

पाहिला, एवढेच. जुने प्राणिसंग्रहालय हे पाहण्याचे ठिकाण होते. जनावर मेले तर नवे आणायचे. ते का मेले, याची चौकशी करण्याचे कारण कोणाला फारसे वाटत नसे. रान भरलेले होते, तोटा कशाचा?

हा विचार प्रथम परदेशातही हळूहळूच बदलला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स संग्रहालयाने १९१६ साली जनावरांसाठी स्वतंत्र इस्पितळ बांधले. अमेरिकेतच सॅन दिएगो येथे एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर बाईंच्या पैशातून १९२७ साली जे इस्पितळ उभे राहिले, त्यात उपचारांबरोबर संशोधनासाठीही जागा ठेवलेली होती. लंडनचे संग्रहालय १८२८ पासूनचे, पण तेथेही नवे इस्पितळ व रोगचिकित्सेची प्रयोगशाळा उभी राहण्यास १९५६ साल उजाडले.

आपल्याकडे गुरांची वैद्यकी बरीच आधी रुजली. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे आणि नागपूरचे १९५८ चे. पण तेथे शिकलेला डॉक्टर गाय, म्हैस, घोडा आणि कोंबडी यांत तरबेज. वाघाच्या अंगाला हात लावण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येई. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि मग नियम आले. संग्रहालयाला दवाखाना पाहिजे, नव्या जनावराला काही दिवस वेगळे ठेवण्याची जागा पाहिजे, आणि प्रत्येक मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन झालेच पाहिजे. यांतला शेवटचा नियम वाचायला रूक्ष वाटतो. पण सगळ्या गोष्टीचे मर्म त्यातच आहे, हे पुढे कळेल.

दुखणे लपवणारा रोगी

अशा इस्पितळाची इमारत माणसांच्या इस्पितळासारखी बांधून भागत नाही, कारण येथला रोगीच जगावेगळा. माणूस पोट दुखू लागले की कण्हतो. बैल कान पाडतो, रवंथ सोडतो. रानातले जनावर मात्र दुखणे लपवते. रानात जो लंगडला तो संपला, हे त्याच्या रक्तात भिनलेले असते. म्हणून वाघ आजारी आहे हे जेव्हा उघड दिसते, तेव्हा दुखणे पुष्कळ पुढे गेलेले असते. पिंजऱ्याची राखण करणारा जुना कर्मचारी हा अशा ठिकाणी पहिला वैद्य. "आज याने मांस नुसते हुंगले", "आज हा दारातून हाक मारली तरी उठला नाही", हे त्याच्या लक्षात येते आणि तेथून पुढे डॉक्टरचे काम सुरू होते.

मग प्रश्न येतो जवळ जाण्याचा. यासाठी सरकत्या भिंतीचा पिंजरा असतो. एक बाजू हळूहळू आत ढकलली की जनावर दोन बाजूंच्या गजांत अलगद अडकते आणि बाहेरून सुई टोचता येते. तेवढ्याने भागत नसेल तर लांबून फुंकनळीने किंवा बंदुकीने गुंगीच्या औषधाची सुई मारायची. ही बंदूक न्यूझीलंडच्या कॉलिन मरडॉक या औषधविक्रेत्याने १९५० नंतरच्या दशकात तयार केली. औषधांच्या जोड्या ठरवणे हे तर सर्वांत नाजूक काम. कमी पडले तर वाघ टेबलावर जागा होणार आणि जास्त झाले तर तो कधीच जागा होणार नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहरी हेलाब्रुन नावाचे प्राणिसंग्रहालय आहे. तेथे ठरलेले दोन औषधांचे एक मिश्रण आज त्याच नावाने जगभर वापरले जाते. एका संग्रहालयातल्या डॉक्टरांनी चिकाटीने केलेल्या प्रयोगांचा फायदा असा पुढे गावोगावच्या विहिरीत पडलेल्या बिबट्यांना मिळतो.

हरणाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला पकडले तर केवळ धसक्याने त्याचे स्नायू निकामी होतात आणि ते एकदोन दिवसांनी मरते. वर जखम नाही, रोग नाही. म्हणून हरणाच्या वाड्याजवळ आवाज नको, उजेड बेताचा हवा, डोळ्यांवर फडके हवे. इमारतीचा नकाशा काढणाऱ्याला या गोष्टी ठाऊक नसतील तर संगमरवरी इस्पितळ बांधूनही हरिण वाचायचे नाही.

शिवाय शस्त्रक्रियेची खोली, क्ष-किरणांचे यंत्र, रक्त तपासण्याची जागा, नव्या पाहुण्यांचा विलग वाडा, आणि या सर्वांपासून दूर, वाऱ्याच्या उलट दिशेला, शवविच्छेदनाची खोली. प्रेक्षक वाघापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. या शेवटच्या खोलीकडे कोणी फिरकत नाही.

गिधाडाने मरून सांगितले

त्या खोलीचे मोल काय, हे आपल्याला गिधाडांनी शिकवले. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर फाडण्याच्या जागी गिधाडांचे थवे उतरत. बघता बघता ती नाहीशी झाली. १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एकदेखील उरली नाहीत. कोणी म्हणाले साथ आली, कोणी म्हणाले शेतातली विषारी औषधे, कोणी म्हणाले झाडे तुटली. तर्क पुष्कळ झाले. पुरावा कोणाकडे नव्हता.

पुरावा निघाला पाकिस्तानात, पंजाब प्रांतात. लिंडसे ओक्स नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे गोळा करून ती एकेक फाडून पाहिली. बहुतेकांच्या मूत्रपिंडांवर आणि आतड्यांवर पांढरी भुकटी साचलेली. मूत्रपिंडे बिघडल्याची ही खूण. ती कशाने बिघडली, याचा माग काढता काढता ते पोचले डायक्लोफेनॅकपर्यंत. म्हणजे आपल्याच गुरांच्या दवाखान्यात लंगड्या बैलाला, सुजलेल्या कासेच्या म्हशीला दिले जाणारे स्वस्त, गुणकारी औषध! औषध दिलेले जनावर लगेच मेले की ते त्याच्या मांसात राही आणि ते मांस खाल्लेले गिधाड मरे. २००४ च्या जानेवारीत हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि २००६ साली भारताने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम द्यावे असे ठरले, कारण गिधाडांना त्याचा अपाय होत नाही हे तपासून झाले होते. २०२३ मध्ये आणखी दोन औषधे अशीच बंद झाली.

शेतकऱ्याने जाणूनबुजून एकही गिधाड मारले नव्हते. त्याने आपला बैल बरा केला होता. बैलाचा दवाखाना आणि गिधाडाचे मरण यांच्यामधला हा धागा कोणाच्याही ध्यानात येण्यासारखा नव्हता. मेलेला पक्षी टेबलावर घेऊन पाहणारा कोणी भेटला म्हणून तो सापडला. उरलेली गिधाडे वाचवण्यासाठी हरयाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने केंद्र उभे राहिले. पिंजऱ्यात त्यांची पिले वाढवण्यात आली. २०२४ च्या जानेवारीत तेथली काही गिधाडे आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलांत आणली गेली. त्यांतली काही पुढे दगावलीही. पण वाट सापडली आहे, आणि ती एका शवविच्छेदनाच्या टेबलापासून निघाली आहे.

नमुना नागपूरचा, उत्तर भोपाळहून

आता आपल्या राज्याकडे येऊ. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. कात्रजला प्राण्यांचे अनाथालय आहे. पण ज्या ठिकाणी संग्रहालय, जखमी जनावरांचे बचाव केंद्र आणि वन्यजीवांचे संशोधन या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा मोठा बेत आखला गेला, ते ठिकाण नागपूरचे गोरेवाडा.

नागपूरच्या काटोल रस्त्यावर गोरेवाड्याचा जुना तलाव आहे. त्याच्या भोवतीचे सुमारे १९०० हेक्टरांचे रान या कामासाठी निवडले गेले. २०१५ च्या अखेरीस तेथे बचाव केंद्र सुरू झाले. २६ जानेवारी २०२१ रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने प्राणिउद्यानातील भारतीय सफारी लोकांसाठी खुली झाली. महाराष्ट्राचे पशुवैद्यक विद्यापीठ नागपुरातच, आणि त्याचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र गोरेवाड्यालाच. गाय-म्हशींपुढे न गेलेल्या विद्येला येथे वाघापर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली. अमळनेरच्या त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला कोणी एका शब्दात उत्तर मागितले, तर "गोरेवाडा" असे मी म्हणेन. आमच्यापासून ते रेल्वेने साडेचारशे किलोमीटरांहून दूर आहे ही गोष्ट वेगळी.

पण गोष्ट येथे सुखाने संपत नाही. २०२४ च्या डिसेंबर महिन्यात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या पाठोपाठ दगावले. माणसांशी संघर्ष झाला म्हणून चंद्रपूरकडून आणलेले वाघ ते. नमुने घेतले गेले आणि भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे पाठवण्यात आले, कारण अशा भयंकर रोगांची खात्रीची तपासणी करण्याची मान्यता तेथे आहे. जानेवारी २०२५ च्या आरंभी उत्तर आले: पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा, म्हणजे आपण ज्याला बर्ड फ्ल्यू म्हणतो तो. संशय अर्थातच खाण्यात आलेल्या कोंबडीच्या मांसावर गेला. असे घडते याचा दाखला जगाला आधीच मिळालेला होता. थायलंडमध्ये श्रीराचा येथे २००४ साली कच्ची कोंबडी खाल्ल्याने हाच रोग पसरला आणि १४७ वाघ दगावले किंवा मारावे लागले.

पुढच्याच जुलैत, २०२५ साली, पुण्याच्या कात्रज उद्यानात सोळा चितळ हरणे काही दिवसांत मेली. रोग निघाला लाळ-खुरकत! आपल्या गोठ्यातला, प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा. येथेही नमुने दूरदूरच्या प्रयोगशाळांकडे धाडून वाट पाहावी लागली.

या दोन घटना सांगण्यात कोणाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. जनावरे सांभाळणारी माणसे जिवाचे रान करतात. मुद्दा आहे तो मधल्या दिवसांचा. रोगाचे नाव कळेपर्यंत शेजारच्या पिंजऱ्याचे काय करायचे? मांस बदलायचे की पाणी? औषध कोणते? साथीच्या रोगात हेच दिवस मोलाचे, आणि अंधारात जातात तेही हेच.

भिंतीला भिंत

याच्या उलट उदाहरण हैदराबादेचे आहे. तेथले नेहरू प्राणिउद्यान १९६३ चे. डॉ. लालजी सिंग या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने १९९८ पासून त्याच्याजवळच अत्तापूरला संकटग्रस्त प्राण्यांसाठी एक प्रयोगशाळा उभी राहू लागली. २००७ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ती देशाला अर्पण केली. लाकोन्स या आखूड नावाने ती ओळखली जाते. कृत्रिम रेतनाने चितळाचे पाडस जन्माला घालण्याचा प्रयोग तेथे २००६ मध्ये यशस्वी झाला आणि काळविटाचा त्याच्या पुढच्या वर्षी. वाचणारा म्हणेल, चितळांना काय तोटा? तोटा नाही, म्हणूनच प्रयोग चितळावर. उद्या ज्या हरणाची दहाच जनावरे उरतील, त्यांच्यावर हात शिकायचा नसतो.

पण या शेजाराचा खरा उपयोग दिसला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. करोनाची दुसरी लाट भरात होती. उद्यानातल्या सिंहांना खोकला आला, नाके वाहू लागली. सिंहांना गुंगी देऊन नाकाघशातले नमुने घेतले आणि ते शेजारीच तपासले गेले. आठ सिंहांना करोना झाला होता. त्यांना वेगळे ठेवण्यात आले, उपचार झाले आणि आठही बरे झाले. सिंहांना रोग देणारा बहुधा माणूसच असावा, हेही त्यातून पुढे आले.

सिंहांच्या बाबतीत देशाने एकदा मोठी धास्ती घेतली होती. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या रानात तेवीस सिंह मेले. नमुने आपल्या पुण्याच्या विषाणू संस्थेत तपासले, तेव्हा त्यांत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या रानात १९९४ साली याच रोगाने हजाराच्या आसपास सिंह मेले होते. सौराष्ट्राबाहेर आशियाई सिंह मोकळा कोठेच नाही. तेथे तशी साथ आली असती तर! पुढे ३ मार्च २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते जुनागढच्या राष्ट्रीय वन्यजीव संदर्भ केंद्राची पायाभरणी झाली. देशभरातल्या रानांतल्या रोगांचा शोध एका ठिकाणाहून घ्यावा अशी त्यामागची कल्पना. पायाचा दगड बसला आहे. त्यावर काय चढते ते पाहायचे.

कपाटातला पिंगळा

शेवटी पुन्हा खानदेशात येतो, कारण जपून ठेवण्याचे महत्त्व सांगणारी सर्वांत नवलाची गोष्ट आमच्याच मातीतली आहे.

सातपुड्यात एक लहानसा पिंगळा राहतो. वन पिंगळा म्हणतात त्याला. १८७३ साली ह्यूम या पक्षितज्ज्ञाने त्याची नोंद केली. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात, शहादे-तळोद्याच्या बाजूला, त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो कोणाला खात्रीने दिसला नाही. मधे मेनर्ट्झहागेन नावाच्या एका प्रतिष्ठित लष्करी अधिकाऱ्याने आपण तो १९१४ मध्ये गुजरातेत टिपल्याची नोंद केली होती आणि सगळे त्यावर विसंबून भलतीकडे शोध घेत राहिले.

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन या बाईंनी लंडनच्या संग्रहालयातले ते जुने, पेंढा भरलेले पक्षी कपाटातून काढून बारकाईने तपासले. पिसे, टाके, आतला कापूस, सगळे. निष्कर्ष निघाला की तो १९१४ चा पक्षी मुळी टिपलेलाच नव्हता. तो डेव्हिडसनचा जुना नमुना होता, चोरून नेलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला! म्हणजे ती जागा खोटी, खरी जागा खानदेश. बाई दोन साथीदारांसह निघाल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याजवळ, एका निष्पर्ण झाडावर त्यांना तो पिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात सापडला, २०१४ साली ठाणे-पालघरकडच्या तानसा रानातही सापडला. आमचे आदिवासी बांधव त्याला इतकी वर्षे रोज पाहत असतील. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी एक मेलेला पक्षी नीट चिठ्ठी लावून ठेवला होता, म्हणून जिवंत पक्षी सापडला. सॅन दिएगोच्या संग्रहालयात कुर्ट बेनिर्शके या डॉक्टरांनी १९७० नंतर हेच तत्त्व पुढे नेले. दुर्मिळ जनावरांच्या कातडीचे सूक्ष्म कण ते अतिथंड टाक्यांत ठेवू लागले. कशासाठी, हे तेव्हा कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. १९८० साली ठेवलेल्या अशाच कणांपासून ऑगस्ट २०२० मध्ये मंगोलियाच्या रानटी घोड्याचे एक शिंगरू जन्मले. त्याचे नाव कुर्ट असेच ठेवण्यात आले.

गिरणीच्या गावातले मंदिर

अमळनेरच्या माणसाला या साऱ्याचे नवल वाटू नये. प्रताप शेठांची गिरणी ज्या गावात होती, त्याच गावात त्यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावाला तत्त्वज्ञानाच्या संशोधनाचे काय काम, असे तेव्हाही कोणी म्हटले असेल. पण विचार करणाऱ्यांना बसायला जागा, वाचायला ग्रंथ आणि पोटाची चिंता नको, एवढी सोय झाली की गावाबाहेरची माणसे चालत येतात. साने गुरुजी १९२३ साली अमळनेरला आले ते प्रथम या मंदिराच्या ओढीने. गाव त्यांना मिळाले, आणि ते गावाला.

संशोधनाची इमारत ही अशी असते. भिंती एका वर्षात उभ्या राहतात. तिच्यात माणसे बसायला लागतात, वर्षानुवर्षे टिकतात, प्रत्येक मेलेल्या जनावराची वही नीट लिहितात, तेव्हा कोठे तिचा उपयोग सुरू होतो. उद्घाटनाच्या दिवशी वाघाचे छायाचित्र छापून येते. ज्या वहीमुळे पुढचा वाघ वाचेल, त्या वहीचे छायाचित्र कोणी छापीत नाही. गोरेवाड्याला आणि जुनागढला आपण काही मागायचे असेल तर ते हेच मागावे: मधल्या दिवसांचा अंधार कमी करणारी प्रयोगशाळा, आणि तिच्यात ठाण मांडून बसणारी माणसे. आणि सातपुड्याच्या या टोकाला, जळगावात वा धुळ्यात, निदान पहिला उपचार आणि पहिला नमुना घेण्याइतकी तरी सोय.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो म्हातारा मला बाजारात भेटला. बैल बरा झाला होता. पोळ्याला त्याची शिंगे रंगवून मिरवणूक काढली म्हणाला. मी त्याला गोरेवाड्याची सगळी हकिकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. मग चोपड्याकडच्या त्या लंगड्या बिबट्याचे काय झाले, ते मी विचारले.

"दिसत नाही आता," तो म्हणाला. थोडा थांबून पुन्हा म्हणाला, "बरा झाला का मेला, कोणाला माहीत?"

तेच तर. ते कोणाला तरी माहीत असले पाहिजे.